घरच्या नॅसची मांडणी आणि बिघाडशोध: केबलपासून डिस्कपर्यंत

घरात दोन-तीन लॅपटॉप, तितकेच फोन, आणि त्या सगळ्यांत विखुरलेले फोटो, कागदपत्रांचे स्कॅन, जुने व्हिडिओ. हे एका जागी ठेवून घरातल्या कुठल्याही यंत्रावरून उघडता यावं, एवढंच नॅसचं काम. नॅस म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या हार्ड डिस्क आणि त्यांचा कारभार पाहणारा एक छोटा संगणक. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. जे काही करायचं ते दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमधून. म्हणूनच तो चालेनासा झाला की माणूस गोंधळतो. समोर फक्त एक डबा आणि तीन-चार लुकलुकणारे दिवे.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ‘नॅस बंद पडला’ म्हणतात तेव्हा बिघाड बहुधा डब्यात नसतो, वाटेत असतो: केबल, पत्ता, नाव किंवा परवानगी यांपैकी कुठेतरी. आणि फायली कायमच्या जातात त्या पुष्कळदा घाबरून केलेल्या उपायांनी. कोणी डिस्क उपसून विंडोजच्या संगणकाला लावतं आणि ‘फॉरमॅट करायचं का’ या प्रश्नाला हो म्हणतं. कोणी रीसेटचं बटण दिवे बदलेपर्यंत दाबून धरतं. त्यामुळे सुरुवातीची मांडणीच अशी करायची, की पुढे काही अडलं तर डिस्कला हात लावायची पाळी सगळ्यांत शेवटी यावी.

डबा कोणता, डिस्क कोणत्या

सर्वांत स्वस्त वाट म्हणजे राउटरच्या मागचा यूएसबी पोर्ट. तिथे बाहेरची हार्ड डिस्क लावून राउटरमध्येच शेअरिंग चालू करता येतं. अधूनमधून फाइल ठेवायला ठीक आहे. पण राउटरचा प्रोसेसर या कामासाठी बनवलेला नसतो, युजरप्रमाणे परवानग्या नीट देता येत नाहीत, आणि काही जुने राउटर फाइल शेअरिंगच्या एसएमबी या पद्धतीची पहिलीच आवृत्ती बोलतात. तिचा त्रास पुढे येईलच.

हौस असेल तर रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक किंवा घरातला जुना संगणक घेऊन त्यावर ओपनमीडियाव्हॉल्ट ही नॅसची प्रणाली बसवता येते. मेमरी भरपूर असलेला संगणक असेल तर ट्रूनॅस ही तशीच दुसरी. यात शिकायला खूप मिळतं. मात्र रास्पबेरी पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून डिस्कांना १.२ अँपिअरच वीज देतात. त्यावर दोन पोर्टेबल डिस्क लावल्या की कॉपी चालू असतानाच एखादी गायब होते आणि दोष सॉफ्टवेअरला दिला जातो. स्वतःचा अडॅप्टर असलेली डिस्क किंवा वेगळी वीज घेणारा यूएसबी हब वापरला की हा प्रकार थांबतो.

घरातल्या सगळ्यांच्या फायली त्यावर राहणार असतील तर माझं मत सरळ आहे: सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टोर अशांपैकी कोणाचा तरी दोन डिस्कांचा तयार डबा घ्या. दुरुस्ती हा ज्याला छंद वाटत नाही, त्याने दुरुस्ती कमी लागेल असंच काहीतरी घ्यावं.

डिस्क घेताना क्षमतेइतकंच लक्ष तिच्या लिहिण्याच्या पद्धतीकडे द्या. एसएमआर प्रकारात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. त्यामुळे जागा वाढते, पण एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सीएमआर प्रकारात पट्टे सुटे असतात. एकदाच भरून ठेवायच्या डिस्कला एसएमआर चालते. नॅसमध्ये नवी डिस्क घालून तिच्यावर तासन्‌तास सलग लिहिलं जातं, तेव्हा ती रडवते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या खास नॅससाठी विकल्या जाणाऱ्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि बराच गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या काढल्या. खोक्यावर ‘नॅससाठी’ लिहिलंय एवढ्यावर थांबू नका, मॉडेल क्रमांक घालून कंपनीच्या तपशिलात सीएमआर आहे का ते पाहा.

किती जागा मिळेल, याचा हिशेब आधी करा. ४ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे आरशासारख्या, लावल्या तर वापरायला ४ टीबीच मिळतात, कारण दुसरी डिस्क पहिलीची नक्कल असते. (हे रेड वेगळं. डिस्क एकत्र बांधण्याच्या पद्धतीचं नाव आणि वरच्या मालिकेचं नाव यांचा संबंध नाही.) त्यातही स्क्रीनवर आकडा सुमारे ३.६३ दिसतो. कोणी फसवलेलं नसतं. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि संगणक १०२४ च्या पटीत. रेड ० मध्ये दोन्ही डिस्कांची पूर्ण जागा मिळते, पण कुठलीही एक गेली की सगळं जातं. घरच्या नॅसमध्ये ते करू नका. रेड ५ ला किमान तीन डिस्क लागतात.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. आरशातली एक डिस्क मेली तर काम चालू राहतं, एवढाच त्याचा उपयोग. चुकून फोल्डर पुसलं तर ते दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी पुसलं जातं.

जागा, वीज, केबल

नॅस राउटरला केबलनेच जोडा. लॅपटॉप आणि फोन वायफायवर असले तरी चालतं, पण दोन्ही टोकं वायफायवर असतील तर प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते. केबल कॅट ५ ई किंवा त्यावरची घ्या. डबा हवा खेळेल अशा जागी, घट्ट आणि सपाट पृष्ठभागावर ठेवा. बंद कपाटात पंखा सतत जोरात फिरतो आणि पोकळ लाकडी फळीवर डिस्कांची घरघर दुप्पट ऐकू येते.

वीज अचानक जाण्याची शक्यता असेल तर यूपीएस लावा, आणि त्याची यूएसबी केबल नॅसला जोडायला विसरू नका. ती केबल नसेल तर यूपीएस फक्त काही मिनिटं पुढे ढकलतो. बॅटरी संपली की नॅस तसाच धाडकन बंद पडतो. केबल असेल तर बॅटरी उतरते आहे हे नॅसला कळतं आणि तो लिहिणं आटोपून स्वतःहून नीट बंद होतो. एकदा यूपीएसचा प्लग काढून हे खरंच घडतं का ते पाहून घ्या. मात्र ही चाचणी महत्त्वाच्या फायली भरण्याआधी करा.

पहिल्यांदा चालू करताना

डिस्क खणात बसवण्याआधी प्रत्येक डिस्कच्या चिठ्ठीवरचा सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि त्याचे शेवटचे चार आकडे खणाच्या दर्शनी भागावर चिकटवा. आज हे फालतू वाटेल. दोन-चार वर्षांनी ‘डिस्क २ निकामी’ असा संदेश येईल, तेव्हा दुसरी म्हणजे डावीकडून की उजवीकडून या प्रश्नावर घाम फुटणार नाही. चांगली डिस्क उपसून मेलेली आत ठेवणं हा या क्षेत्रातला जुना आणि महागडा प्रकार आहे.

केबल लावा, डबा चालू करा, दिवा स्थिर होईपर्यंत थांबा. मग त्याच नेटवर्कवरच्या संगणकातून कंपनीने दिलेलं शोधण्याचं पान किंवा ॲप उघडा. ते सापडलं नाही तर राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांच्या यादीत नॅसचा आयपी पत्ता दिसतो. तो ब्राउझरमध्ये टाइप करा. पुढे नॅसची स्वतःची प्रणाली बसवली जाते. ती कंपनीच्या साइटवरून नवीच घ्यायला सांगा, डब्यासोबत आलेली जुनी नको.

खातं तयार करताना ‘ॲडमिन’ हे नाव देऊ नका; बाहेरून घुसू पाहणारे स्क्रिप्ट आधी तेच नाव चालवून पाहतात. वेगळ्या नावाचं मुख्य खातं करा, लांब पासवर्ड द्या, दुहेरी पडताळणी चालू करा आणि मूळ ॲडमिन खातं असेल तर बंद करा. दुहेरी पडताळणीचे आणीबाणीचे कोड कागदावर उतरवून ठेवा. ते कोड नॅसवरच्याच एखाद्या फाइलमध्ये ठेवणारे लोकही असतात.

आता डिस्कांचा संच आणि त्यावरचा व्हॉल्यूम, म्हणजे फायली ठेवायची तयार जागा. या पायरीत डिस्क पूर्ण पुसल्या जातात, म्हणून जुनी भरलेली डिस्क ‘आतल्या फायली आपोआप दिसतील’ अशा आशेने खणात घालू नका. फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत, निवडायला सांगितलं तर बीटीआरएफएस घ्या, कारण तिच्यात स्नॅपशॉट, म्हणजे फायलींची त्या क्षणाची टिपलेली अवस्था, मिळतात. ट्रूनॅसवर झेडएफएस असते, तिच्यातही ते आहेत. ईएक्सटी-४ साधी, भक्कम आणि हलकी आहे, पण फायलींची कालची अवस्था परत आणायची सोय तिच्यात नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात आणि निम्मे त्रास त्यातूनच उगवतात: पत्ता पक्का करणं. राउटर प्रत्येक यंत्राला डीएचसीपीने पत्ता वाटतो आणि तो कायमचा नसतो. राउटर पुन्हा सुरू झाला की नॅसला कालचा १९२.१६८.१.५० जाऊन आज १९२.१६८.१.२३ मिळू शकतो, आणि सगळ्या लॅपटॉपांवरचे शॉर्टकट एकदम मरतात. राउटरमध्ये पत्ता राखून ठेवण्याची सोय असते, तिथे नॅसचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा कारखान्यातून आलेला ओळख क्रमांक) देऊन एक पत्ता त्याच्या नावावर करा. नॅसच्या आत जाऊन हाताने पत्ता भरण्यापेक्षा हे बरं. राउटर बदलला आणि नव्याची पत्त्यांची मालिका वेगळी निघाली, तर हाताने पत्ता भरलेला नॅस दिसेनासा होतो. राउटरकडून पत्ता घेणारा मुकाट्याने नवा घेतो.

जाता जाता घड्याळाचा टाइम झोन बरोबर करा आणि वेळ इंटरनेटवरून घ्यायला सांगा. दुहेरी पडताळणीचा कोड ३० सेकंदांनी बदलतो. नॅसचं घड्याळ काही मिनिटं मागे पडलं की बरोबर कोडही चूक ठरतो.

युजर आणि फोल्डर

रोजच्या वापरासाठी मुख्य खातं वापरू नका, स्वतःसाठीसुद्धा नाही. घरातल्या प्रत्येकाला वेगळा युजर, प्रत्येकाचं एक खासगी फोल्डर, एक सगळ्यांचं सामायिक, आणि फोटोंसाठी एक वेगळं. फोटोंच्या फोल्डरमध्ये बहुतेकांना फक्त वाचण्याची परवानगी द्या. ही कुणावर अविश्वास दाखवण्याची बाब नाही. एखाद्या लॅपटॉपमध्ये खंडणीखोर व्हायरस शिरला तर तो त्या लॅपटॉपला दिसणारी नॅसची फोल्डरंही कुलूपबंद करतो, आणि जिथे लिहिण्याची परवानगी नाही तिथे त्याचं काही चालत नाही.

पाहुणा खातं बंदच ठेवा. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो आणि त्यावरच्या प्रकारांमध्ये एसएमबीवर सहीची, म्हणजे प्रत्येक संदेश खऱ्या यंत्राकडूनच आल्याच्या खुणेची, सक्ती आली आणि पासवर्डाशिवायचा पाहुणा प्रवेश नाकारला जाऊ लागला. ‘कालपर्यंत चालत होतं, अपडेटनंतर बंद पडलं’ याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. उपाय विंडोजमधली सुरक्षा सैल करण्याचा नाही. नॅसवर खरा युजर करून त्याच्या पासवर्डने आत जाण्याचा आहे.

स्नॅपशॉट रोज एक, आणि महिनाभर मागचे राखून, असं वेळापत्रक लावा. जागा फारशी जात नाही, कारण जे बदललं तेवढंच वेगळं साठवलं जातं.

संगणक आणि फोन जोडणे

विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन बॅकस्लॅश आणि लगेच नॅसचा पत्ता लिहून एंटर दाबा. नाव-पासवर्ड विचारेल, तिथे नॅसवरचा युजर द्या. विंडोजचा पिन किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं इथे चालत नाही. फोल्डर दिसलं की उजवं क्लिक करून मॅप नेटवर्क ड्राइव्ह निवडा आणि एखादं अक्षर द्या. मॅकवर फाइंडरच्या गो मेनूत कनेक्ट टू सर्व्हर आहे, तिथे smb:// लिहून पुढे नॅसचा पत्ता द्यायचा. आयफोनवर २०१९ मधल्या आयओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्येच ही सोय आहे. अँड्रॉइडवर बहुधा नॅस कंपनीचं ॲप किंवा एसएमबी समजणारा फाइल मॅनेजर लागतो.

मॅकचा टाइम मशीन बॅकअप नॅसवर घेणार असाल तर त्या फोल्डरला जागेची मर्यादा घाला. टाइम मशीन जुने बॅकअप जागा संपल्यावरच काढतं, तोवर मिळेल ती जागा आपलीच समजतं.

पहिली मोठी कॉपी केबलवरून करा. गिगाबिट नेटवर्कची कमाल सेकंदाला १२५ एमबी, प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात. म्हणजे १ टीबीच्या मोठ्या व्हिडिओ फायलींना अडीच तास. तेवढ्याच आकाराच्या लाखभर लहान फोटोंना कितीतरी जास्त लागतील, कारण प्रत्येक फाइलमागे उघडणं-मिटवणं असतं. त्यानंतरचे काही दिवस नॅस फोटोंच्या लघुप्रतिमा आणि शोधाची सूची बनवत बसतो. डिस्क सतत करकरतात, सगळं मंद वाटतं. ते आपोआप थांबतं.

बॅकअपचा ३-२-१ नियम इथे लावायचा: तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर. लॅपटॉपवरची मूळ प्रत, नॅसवरची दुसरी. तिसरी एखाद्या यूएसबी डिस्कवर किंवा क्लाउडवर. यूएसबी डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवा, नॅसला कायमची चिकटवून नको. आणि तीनेक महिन्यांनी त्या बॅकअपमधून एक फोल्डर परत आणून फायली खरंच उघडतात का ते पाहा. ‘बॅकअप यशस्वी’ हा संदेश त्याची हमी देत नाही. बॅकअपला कूटबद्ध केलं असेल तर त्याची चावी नॅसबाहेर कुठेतरी हवी.

बाहेरून नॅसपर्यंत

राउटरमध्ये पोर्ट उघडून, म्हणजे बाहेरून आत यायची वाट मोकळी करून, नॅस थेट इंटरनेटवर ठेवू नका. जून २०२१ मध्ये जगभरातल्या अनेक डब्ल्यूडी माय बुक लाइव्ह यंत्रांवरच्या फायली दुरूनच पुसल्या गेल्या. त्या मॉडेलला २०१५ नंतर अपडेट मिळालेलं नव्हतं. जानेवारी २०२२ पासून डेडबोल्ट या खंडणीखोर प्रोग्रामने इंटरनेटला उघडे असलेले क्यूनॅप गाठले. दोन्ही वेळा घरात बंदिस्त असलेल्या यंत्रांपर्यंत असा हात पोहोचत नव्हता. पोर्ट आपोआप उघडणारं यूपीएनपी राउटरमध्ये बंद करा. बाहेरून फायली हव्याच असतील तर टेलस्केल किंवा वायरगार्डसारखा व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतचा कुलूपबंद खासगी रस्ता, वापरा. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या मालिकेतला असेल, तर इंटरनेट कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आहे; मग पोर्ट उघडूनही काही होत नाही, पण टेलस्केल तिथेही चालतं.

अडलं की या क्रमाने

क्रम मोडू नका. आधीची पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची तपासणं म्हणजे वेळ घालवणं.

१. दिवे आणि केबल. नॅसच्या आणि राउटरच्या पोर्टवरचा दिवा लागलेला आहे का? नसेल तर केबल बदला, मग राउटरचा पोर्ट बदला.

२. पत्ता. राउटरच्या यादीत नॅस आहे का, आणि कोणत्या पत्त्यावर? पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून काही मिळालेलंच नाही; केबल किंवा राउटर पाहा. तुमच्या संगणकाचा पत्ताही तपासा. एक १९२.१६८.१ मालिकेत आणि दुसरा १९२.१६८.० मध्ये, असं दिसलं तर घरात बहुधा दोन राउटर एकामागे एक लागले आहेत आणि दोन वेगळी नेटवर्क झाली आहेत. दुसऱ्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाकलं, म्हणजे पत्ते न वाटता फक्त वायफाय द्यायला लावलं, की ती एक होतात. लॅपटॉप पाहुण्यांच्या वायफायवर असेल तर नॅस दिसणारच नाही. ते वायफाय त्यासाठीच वेगळं असतं.

३. नाव. नॅसच्या नावाने उघडत नाही पण पत्त्याने उघडतो? मग बिघाड मोठा नाही. विंडोजच्या नेटवर्क यादीत नॅस न दिसणं हा तर आजारच नाही. त्या यादीची जुनी यंत्रणा एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीवर चालायची, आणि २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० अपडेटपासून ती आवृत्ती नव्याने बसवली जात नाही. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच भोकातून पसरला होता. ‘एसएमबी १ चालू करा म्हणजे नॅस दिसेल’ हा सल्ला आजही जागोजागी मिळतो. तो ऐकू नका. पत्ता टाइप करा आणि ड्राइव्ह मॅप करा.

४. परवानगी. पत्त्याने ब्राउझरमधलं पान उघडतं, पण फोल्डर उघडत नाही. विंडोज एकाच नॅसला एकाच वेळी दोन वेगळ्या युजरनी जोडू देत नाही. आधी एका नावाने उघडलं असेल तर दुसऱ्याला अडवतं, आणि पासवर्ड चुकल्यासारखं भासतं. कंट्रोल पॅनेलमधल्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधून नॅसची जुनी नोंद काढा, मॅप केलेले ड्राइव्ह तोडा, लॅपटॉप पुन्हा सुरू करून नव्याने जोडा.

याच पायरीतला एक चकवा: बाकी सगळ्या यंत्रांवर नॅस चालतो आणि एकाच लॅपटॉपवर काहीच उघडत नाही, ब्राउझरमधलं पानसुद्धा. पासवर्ड बदलल्यावर त्या लॅपटॉपवरचा एखादा प्रोग्राम जुना पासवर्ड पुन्हापुन्हा पाठवत राहिलेला असतो आणि नॅसने त्याचा पत्ताच रोखलेला असतो. दुसऱ्या यंत्रावरून सुरक्षेच्या सेटिंगमधली रोखलेल्या पत्त्यांची यादी पाहा.

वेग कमी असेल तर आकडा बोलतो

मोठी एकच फाइल केबलवरून कॉपी करून वेग पाहा. सेकंदाला ११ एमबीच्या आसपास अडकला असेल तर निदान जवळजवळ झालंच: जोडणी गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर उतरली आहे. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चार. एक तार तुटली किंवा प्लगमध्ये नीट बसली नाही तर यंत्रं तक्रार न करता खालच्या वेगावर येतात. केबल बदला, मधला जुना नेटवर्क स्विच (केबली एकत्र जोडणारा डबा) १०० मेगाबिटचाच नाही ना, तेही पाहा. वेग ११० असेल तर नेटवर्क ठीक आहे, उगाच सेटिंग चाळू नका. विशेषतः जंबो फ्रेम नावाच्या सेटिंगला हात लावू नका. वाटेतल्या एकाही यंत्राला ती जमली नाही तर निम्म्या जोडण्या अर्धवट चालू लागतात आणि कारण सापडता सापडत नाही.

केबलवर वेग चांगला आणि वायफायवर वाईट, तर प्रश्न वायफायचा आहे. दोन्हीकडे वाईट असेल तर नॅसच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये पाहा: सूची बनवणं, डिस्क तपासणी किंवा वीज गेल्यानंतरची पुनर्जुळणी चालू असू शकते. व्हॉल्यूम नव्वद टक्क्यांच्या वर भरला असेल तरी सगळं रेंगाळतं. फायली पुसूनही जागा सुटत नसेल तर त्या नॅसच्या कचरापेटीत आणि जुन्या स्नॅपशॉटमध्ये अजून आहेत.

शेवटी डिस्क

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. तिच्यातले चार आकडे पाहिले तरी पुरे. ५ क्रमांकाची नोंद खराब होऊन बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे छोटे कप्पे, सांगते, १९७ संशयित, १९८ वाचता न आलेले. हे शून्यावरून वर सरकले आणि आठवड्यागणिक वाढू लागले तर नवी डिस्क मागवा. १९९ मात्र वेगळी: ती डिस्क आणि डब्यामधल्या जोडणीतल्या चुका मोजते. ती वाढत असेल तर नॅस बंद करा, डिस्क खणात नीट बसवा आणि आकडा थांबतो का पाहा. चांगली डिस्क फेकून देण्याआधी एवढं करायलाच हवं.

संच ‘डिग्रेडेड’ दाखवत असेल तर एक डिस्क गेली आहे आणि फायली अजून सगळ्या आहेत. आता घाई नको आणि दिरंगाईही नको. पहिलं काम नवी डिस्क घालण्याचं नाही, महत्त्वाच्या फायली बाहेर काढण्याचं आहे. पुनर्बांधणीत उरलेली डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचली जाते, आणि ती पहिलीच्याच वयाची असते. ४ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीने भरायची म्हटली तरी साडेसात तास लागतात, वापर चालू असेल तर त्याहून जास्त. कॉपी झाली की स्क्रीनवरचा सिरीयल नंबर खणावरच्या चिठ्ठीशी ताडा, तीच डिस्क काढा, तितक्याच किंवा जास्त क्षमतेची नवी घाला आणि दुरुस्तीचा पर्याय निवडा. डबा चालू असताना डिस्क बदलता येते का, ते आधी माहितीपुस्तिकेत पाहा. शंका असेल तर बंद करून बदला.

डिस्कमधून ठराविक अंतराने टकटक आवाज येत असेल तर नॅस लगेच बंद करा आणि पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका. बॅकअप नसेल आणि फायली हव्याच असतील, तर ते काम डेटा काढून देणाऱ्या व्यावसायिकांचं.

आणि डिस्क ठणठणीत असून डबाच मेला तर? त्याच कंपनीच्या नव्या डब्यात त्या डिस्क त्याच क्रमाने घातल्या की बहुतेक वेळा संच ओळखला जातो. कोणतं मॉडेल चालतं याची यादी कंपनीकडे असते, ती विकत घेण्याआधी पाहा. विंडोजला या डिस्क वाचता येत नाहीत, म्हणून तो त्या इनिशियलाइज किंवा फॉरमॅट करायला सांगेल. रद्द करा. वाचायच्याच असतील तर लिनक्सच्या संगणकाला लावा, आणि तिथेही आधी फक्त वाचण्यापुरत्याच जोडा.